कुंकवाखालचं खोरं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या आजोळच्या डोंगरखोऱ्यात धरण येणार होतं आणि अंथरुणाला खिळलेली आई एकच विचारायची, "आपली देवी बुडेल का गं?" गावात प्रत्येक जण वेगळं सांगे. खोऱ्याचा जुना, उंचीच्या रेषांचा नकाशा बनारसला मामांकडे होता. आजोबा मोजणीवाल्यांच्या तंबूत कारकून होते. काशीला स्थायिक होताना त्यांनी तो सोबत नेलेला. पाणी किती उंचीपर्यंत चढणार, ते धरणाच्या कचेरीतून विचारून घेतलं आणि मी बनारसला निघाले.

हिवाळ्यात गेलात तर धुक्यामुळे गाडीला उशीर होणार हे धरूनच चाला. स्टेशनवरून मैदागिन चौकापर्यंत सायकलरिक्षा, भाडं आधी ठरवून. पुढे मंगला गौरीच्या देवळाजवळ मामांच्या घरापर्यंत गल्ल्यांतून पायी. वाटेत मलइयो जरूर खा. दुधाचा केशरी फेस, चव कळेपर्यंत विरलेला.

मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक, पण नकाशा मामीच्या देवघरात भिंतीवर होता. दर नवरात्रात ती देवळाच्या खुणेवर कुंकू लावायची. आता तिथे रुपयाएवढा लाल थर होता, आणि त्याखाली देऊळ, वाडी, रेषा सगळं गडप.

"ओल्या कापसानं हळूच पुसू या," मी म्हटलं.

"देवीला पुसणार? पागल झालीस काय!" मामी कडाडली. "कॉन्व्हेंटात हेच शिकवलं?"

"अगं, कागद आहे तो," मामा म्हणाले.

"होता. मी या घरात येईपर्यंत."

मामांनी वाद घातला नाही. चौकातून ट्रेसिंग पेपर आणून नकाशावर धरला आणि पाण्याच्या उंचीची रेषा गिरवू लागले. ती डावीकडून कुंकवात शिरत होती, उजवीकडून बाहेर पडत होती. त्यांनी दोन्ही टोकं अंदाजानं जोडली. कुंकवाचा मध्य नदीच्या बाजूला राहिला.

"बुडणार," मामा म्हणाले.

मामीनं आम्हाला मटारपोह्यांसारखा चूडा-मटर वाढला, स्वतः मात्र जेवली नाही.

सकाळी पंचगंगा घाटावरून स्नान करून ती ओल्या केसांनीच देवघरात आली. "कुठवर येणार पाणी? दाखवा हो." मामांनी बोट ठेवलं. त्या रेषेच्या वर, डोंगराच्या अंगाला, मामीनं भिंतीवरच्या नकाशावर कुंकवाचं नवं बोट टेकवलं.

"वन्संना सांग, देवीला वर नेलंय. आता फिकर करायची नाही."

घरी येऊन मी ट्रेसिंग आईसमोर धरलं. पाण्याची रेषा दाखवली. तिनं तिकडे पाहिलंच नाही.

"वहिनीनं कुंकू कुठे लावलं?"

मी जागा दाखवली. आईनं ट्रेसिंगवरच्या त्या कोऱ्या जागेवर बराच वेळ हात ठेवला. मग म्हणाली, "गावात कळव. देऊळ इथे बांधा म्हणावं."