आईची लेस्टरला रवानगी

आईला लेस्टरला राहायला पाठवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. मी फक्त तसं लेखी कळवलं होतं.

मी इकडे आखातात, सित्र्यातल्या एका कंपनीत अकाउंटंट आहे. मुहर्रकला भाड्याच्या घरात राहतो आणि इंग्लंडात, लेस्टरला, माझा एक फ्लॅट आहे. (इथे असले फ्लॅट विकणारे लोक आपल्याला हॉटेलात चहा-बिस्किटं देतात. मी बिस्किटं खाल्ली होती.) तिथे मार्गारेट नावाच्या एक विधवा बाई बरीच वर्षं भाड्यानं राहत होत्या. भाडं वेळेवर, तक्रार शून्य. दोष एकच: शेजारच्या फ्लॅटचं भाडं कुठल्या कुठे गेलं होतं आणि बाईंचं होतं तिथेच होतं.

मी तिथल्या एजंटला फोन केला.

"सर, नवा कायदा आलाय," तो म्हणाला. "वर्षातून एकदा वाढ मागता येते. बाईंना जास्त वाटली तर त्या दाद मागू शकतात. निकाल लागेपर्यंत जुनंच भाडं."

विधवा बाईकडे जादा पैसे मागायचे, हे काही मला बरं वाटेना. म्हणून मी त्यांना घरातूनच काढायचं ठरवलं.

"कारण न देता आता काढता येत नाही," एजंट म्हणाला. "हां, तुमचं जवळचं कोणी राहायला येणार असेल तर येतं. मुलं, आई, वडील."

मी खोटं लिहीत नाही. पावती नसेल तर ऑफिसात पेट्रोलचे पैसेही मागत नाही. म्हणून आधी आईला रीतसर विचारलं. ती गावाहून आमच्याकडे आली होती आणि मेथी निवडत बसली होती.

"आई, इंग्लंडला राहायला आवडेल का गं तुला?"

"आवडेल की. कोण नेतंय?"

झालं. इच्छा नोंदवली गेली. त्याच दुपारी मी एजंटला कळवलं, की माझी आई तिथे राहायला येणार आहे. (तिच्या व्हिसाचं काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. नको असलेला आकडा मला एरवी पहिल्यांदा दिसतो.) मार्गारेटबाईंना चार महिन्यांची नोटीस गेली.

इकडे आईनं माझा प्रश्न खराच धरला. शुक्रवारच्या सुट्टीत ती इथल्या मराठी मंडळाच्या भजनाला गेली आणि लोकरी कानटोपी घालून परत आली. बाहेर बेचाळीस अंश.

"कुलकर्णीवहिनींनी दिली," ती म्हणाली. "तिकडे कान सांभाळा म्हणाल्या."

पुढच्या शुक्रवारी मंडळानं तिचा सत्कारच केला. शाल, नारळ आणि लेस्टरमधल्या कोणाकोणाच्या मुलींना पोचवायचं मेतकूट. अध्यक्ष म्हणाले, "या वयात आईला विलायत दाखवणारा मुलगा सगळ्यांना मिळो." टाळ्या पडल्या. मी नारळाकडे बघत राहिलो.

परतताना आई मागच्या सीटवर झोपली, तेव्हा माझी बायको नीता हळूच म्हणाली, "सांगून टाक ना खरं."

"आता कसं सांगू? शाल दिली त्यांनी."

"आपल्या घरमालकांनी आपल्याला कधी काढलं का रे? उलट दर रमजानला खजूर पाठवतात."

मी एसी वाढवला.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. "सर, एक लक्षात आहे ना? या कारणावर घर रिकामं केलं, की बारा महिने ते पुन्हा भाड्यानं देता येत नाही. आई आल्या नाहीत तरी."

म्हणजे भाडं वाढवायला घर रिकामं करायचं आणि मग भाडंच घ्यायचं नाही. तळटिपा वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

सावरायच्या आत मार्गारेटबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नव्या राहणारीला घर दाखवायचं होतं. आई कानटोपी घालून बसली. भाषांतराला माझी मुलगी सई. बाईंनी बॉयलर दाखवला, ऊन येणारी खिडकी दाखवली, मग बाथरूम. तिथे धरायला नवा दांडा होता. तुमच्या वयाला लागेल म्हणून मी बसवून घेतला, म्हणाल्या.

"गुणाची बाई आहे," आई म्हणाली. "विचार गं सई, ही आता कुठे राहायला जाणार?"

सईनं विचारलं. "आजी, शी हॅज नो प्लेस येट."

आईनं कानटोपी काढली. "म्हणजे ही माझ्यासाठी बाहेर? आवडेल का म्हणून विचारलंस, ते यासाठी होय रे?"

सईनं याचंही भाषांतर केलं. गरज नव्हती.

पडद्यावर मार्गारेटबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी दांड्याकडे बघत होतो. मग त्या आईशी काहीतरी बोलल्या.

"शी सेज, टू बेडरूम्स आहेत," सई म्हणाली. "आजी कॅन कम अ‍ॅज हर गेस्ट."

नोटीस मी त्याच दिवशी मागे घेतली. भाडं होतं तेवढंच आहे. आई पुढच्या महिन्यात व्हिजिट व्हिसावर माझ्या भाडेकरणीकडे पाहुणी म्हणून निघाली आहे. तिकीट माझं. मंडळात माझं कौतुक अजून चालूच आहे आणि मी हल्ली शुक्रवारी मुद्दाम ओव्हरटाइम घेतो.

काल ती बॅगेत मेतकूट भरत होती. मी म्हटलं, "आई, लेस्टरपर्यंत सोडायला मीही येऊ का?"

"मार्गारेट म्हणते, तू मालक," आई वर न बघता म्हणाली. "यायचं असेल तर चोवीस तास आधी लेखी कळवायचं. कायदाच आहे म्हणे."

मी कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.