डांबरी रस्त्यावरून पाहिलेला उतार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. संपादकांना नाही, बायकोलाही नाही. बातमीत ‘मी’ नसतो, असं नोकरीत शिकलो. ती शिस्त होती — की आडोसा?

आधी जिंकल्याचं सांगतो. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, गुंदजवळच्या एका वाडीचा उतार सरकारी भू-वापर आराखड्याच्या मसुद्यात रिसॉर्टसाठी दाखवला होता. कारण एका ओळीचं — ‘जमीन रिकामी, वापराविना.’ घराघरातून हरकत गेली. वाडीनं एकच हट्ट धरला: सुनावणी कचेरीत नको, उतारावर घ्या.

अधिकारी आले. वाडीतल्या सर्वांत वयस्कर सावित्रक्कांनी त्यांच्या हातात कुदळ दिली.

“सायब, रिकामी हाय म्हनता न्हवं? मग खना की!”

चार घाव बसले आणि मांडीएवढा कंद वर आला. मग दुसरा. इथं वेल वाळून जातात. कंद मातीतच राखून ठेवतात, लागेल तसे काढतात. वरून दिसतं ते नुसतं गवत. सगळा उतार हसत होता.

“कुना गाढवानं लिवलं हो हे?” अक्कांनी विचारलं. “गाडीवरनं खाली तरी उतारला हुता का?”

मी तीन पावलांवर वही घेऊन उभा होतो.

नव्हतो उतरलो. गणेशगुडीहून परतताना मोटारसायकलवरूनच तो उतार पाहिला आणि पर्यटनावरच्या बातमीत ‘रिकामा, वापराविना’ लिहून टाकलं. एका घरात विचारायला किती वेळ लागला असता? बातमीवर नाव नव्हतं. तिचं कात्रण मसुद्याच्या फाइलीत पुरावा म्हणून लावलेलं — तेही मी सुनावणीआधीच पाहिलं होतं. तेव्हा तरी बोललो का?

उतार वाडीकडे राहिला. यापुढे तालुक्यात कुठलीही जमीन रिकामी ठरवण्याआधी तिथल्या लोकांबरोबर ती चालून पाहायची, असा नियम झाला. त्या विजयाची बातमी मीच लिहिली, पहिल्या पानावर. ‘चुकीच्या माहितीमुळे’ असं लिहिलं. कुणाच्या — ते लिहिलं नाही.

पुढच्या हंगामात वाडीनं जेवणावळीला मला बोलावलं. हंगामातला पहिला कंद मानाच्या माणसाला देतात.

“घ्या पत्रकार,” अक्का म्हणाल्या. “तुमी न्हाई लिवलं तर आमचं कोन ऐकनार?”

मी दोन्ही हातांनी घेतला. घरी नेऊन उकडला, मीठ लावून खाल्ला. सगळा खाल्ला.