चैतूचा जामीनदार

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली — आता कोणापासून लपवायचं?

भावकीच्या भांडणात मी चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली होती. त्याची शिक्षा मी भोगली. हे त्याबद्दल नाही.

खटला चालू असताना मी तुरुंगात होतो. घरचं कोणी भेटीला येत नव्हतं. संध्याकाळी बरॅकीला कुलूप लागलं की भिंतीकडे तोंड करून पडायचं — किती महिने? मग चैतू आला. एटापल्लीकडच्या जंगलातला. रानडुक्कर मारल्याचा खटला. मराठीचे चार शब्दही येत नव्हते. मी त्या भागातल्या बाजारांत वीस वर्षं मीठ विकलेलं. बरॅकीत गोंडी मला एकट्यालाच यायची.

जेवणाआधी तो भाताचा एक घास पूर्वजांसाठी जमिनीवर ठेवायचा. लोक हसायचे. मग आम्ही बोलत बसायचो — मोहाची झाडं, कुत्री, त्याची म्हातारी आई. माझा आवाज मला पुन्हा ऐकू येऊ लागला.

"काय भाऊ, जंगलातून बायको आणली काय?" बल्लारपूरचा रहीम चिडवायचा. मला राग येत नसे.

मग सरकारनं चैतूला फुकटचा वकील दिला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार हवा होता — नावावर जमीन असलेला. वकिलानं मला दुभाषा म्हणून मध्ये बसवलं. मी चैतूला विचारलं. त्याचा चेहरा उजळला. आरमोरीजवळ साळा आहे, त्याची धानाची शेती आहे, निरोप गेला की धावत येईल, म्हणाला.

"काय म्हणते तो?" वकिलानं विचारलं.

माझा जामीन दोनदा नाकारला गेला होता. हा गेला तर संध्याकाळी कोणाशी बोलायचं? — एवढंच मनात आलं. एवढंच.

"साळा आहे साहेब, पण तो जामीन राहत नाई म्हणते."

वकिलानं कागद मिटला. चैतूला मी सांगितलं — निरोप धाडतो म्हणाले.

भेटीच्या प्रत्येक दिवशी तो आंघोळ करून दाराशी बसायचा. साळा आला नाही. कसा येणार? हळूहळू तो त्याला शिव्या देऊ लागला. मी अडवलं का? नाही. "आपले लोक असेच असतात," मी म्हणालो. तो माझ्या आणखी जवळ आला. मला बरं वाटलं — हेही लिहायलाच हवं.

मधल्या काळात त्याची आई वारली. निरोप मीच वाचून दाखवला. तेव्हाही बोललो नाही.

वर्षभरानं तो निर्दोष सुटला. गाठोडं काखेत घेऊन माझ्यापाशी आला.

"साळ्याच्या घरचं पाणी पिणार नाई आता," तो गोंडीत म्हणाला. "दादा, तुमीच माझे सख्खे."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शिपाई दार उघडेपर्यंत तसाच ठेवला.