अजून कोण ऐकतंय?

हिंगण्याच्या कारखान्यात प्रेसशॉपचे, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागाचे, स्पीकर मुके झाले, तेव्हा आमच्या मॅनेजरसाहेबांनी चौकशीआधीच निकाल दिला: प्रेसवरचा जुना ऑपरेटर वायर उपटतो. स्पीकर बंद करून चालू केला की बोलायचा. तपासणारा माणूस वळला की थोड्या वेळानं पुन्हा गप्प. म्हणजे हे माणसाचंच काम, असं त्यांचं गणित. भर कॅन्टीनमध्ये त्याला वाट्टेल ते बोलले आणि संध्याकाळी कामावरून काढायचंही ठरवून मोकळे झाले.

तो माझ्याकडे आला. "मॅडम, मी काहून काढीन वायर? धोक्याचा सायरन त्याच स्पीकरवर वाजतो. तो नाही वाजला तं पहिले माहाच हात जाईन."

स्पीकरपर्यंत आवाज नेणारं हे कॉम्प्युटर-नेटवर्क मी उभं केलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकच आवाज एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या या पद्धतीला मल्टिकास्ट म्हणतात. त्यातला पत्ता कुणा एका यंत्राचा नसतो, गटाचा असतो. ज्या स्पीकरला ऐकायचंय त्यानं जवळच्या स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या डब्याला, सांगायचं, मी या गटात आहे. बोलणारा एकदाच बोलतो. त्याच्या प्रती वाटेतले स्विच काढतात आणि ज्यांनी मागितलं त्यांनाच देतात. पण स्विचची आठवण टिकत नाही. अधूनमधून कुणीतरी 'अजून कोण ऐकतंय?' असं विचारावं लागतं. विचारणाराच नसेल तर स्पीकर उत्तर देत नाहीत आणि स्विच त्यांना विसरून जातो. चालू होताना मात्र स्पीकर आपणहून नाव सांगतो, म्हणून तेवढ्यापुरता बोलतो. अगदी हेच चाललं होतं. आणि प्रेसशॉपसाठी विचारण्याचं काम ज्या स्विचकडे होतं, तो साहेबांच्या केबिनमध्ये होता.

मी तडक तिथं गेले. ऐन मे महिना. कोपऱ्यात नवाकोरा कूलर घरघरत होता आणि त्याच्यासाठी स्विचचा प्लग काढून खाली टाकलेला. नागपुरात उन्हाळ्यात कूलरला नाही म्हणायची कुणाची टाप आहे? माझी होती. मी कूलर काढला, स्विच लावला.

"अहो, काय करून राहिल्या तुम्ही? मरतो ना मी गर्मीनं!"

"वायर कुणी उपटली ते दाखवतेय."

स्पीकर बोलू लागले, आणि बोलतच राहिले. साहेबांनी घाम पुसला. "ठीक आहे. त्याले आत बोलावून सांगून देऊ. बोभाटा नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती चारचौघांत, आणि चूक कबूल करायची दाराआड! मला ते मान्य नव्हतं. माइक त्यांच्याच टेबलावर होता. गेट, कॅन्टीन, गोदाम, ऑफिस, सगळे ज्यात सामील होते तो गट मी निवडला आणि बटण दाबलं.

"प्रेसशॉपचे स्पीकर ऑपरेटरनं बंद केले नव्हते. साहेबांच्या कूलरसाठी प्लग काढला होता. ऑपरेटर कामावर कायम आहेत." मग बटण न सोडता माइक साहेबांपुढे धरला. "आहेत ना, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माइककडे पाहिलं.

"आहेत," ते म्हणाले, आणि ते पार गेटपर्यंत ऐकू गेलं.