लुस दारीने फिरवलेला कागद

लुस दारीला आमच्या उतारावर कोण ओळखत नाही? मानिसालेसच्या या डोंगरात कोणाच्या परसात पाणी झिरपतं, कोणाची भिंत फुगली, सगळं तिला तोंडपाठ. पोटासाठी शिवणकाम करायची, पण नको तिथे नाक खुपसण्यात एक नंबर. आम्ही तिला 'गळतीची डॉक्टरीण' म्हणायचो आणि बाई खूश व्हायची.

विद्यापीठाचे प्राध्यापक हिल्दार्दो तिलाच शोधत आले. एका कंपनीबरोबर त्यांचं काम चाललं होतं. उतारभर सेन्सर पुरायचे, ते एकमेकांना खबर देणार, माती पाण्याने फुगली की वस्तीतला भोंगा वाजणार.

"मला यंत्रं कळतात लुस दारी, डोंगर तुम्हाला कळतो," ते म्हणाले.

एवढ्यावर बाई विरघळली आणि दारोदार फिरली. म्हातारी ओफिर काही ऐकेना.

"माझ्या कांद्याच्या वाफ्यात खड्डा? डोकं फिरलंय का तुझं?"

"अहो, तुमच्याच जिवासाठी! तुलियोकाका अंथरुणाला खिळलेले. मी आहे ना!"

नवऱ्याचं नाव निघालं तशी ओफिर नमली.

रविवारी सगळी वस्ती फावडी घेऊन जमली. आमच्याकडे असं काम निघालं की मोठ्या पातेल्यात कोंबडीचा सांकोचो शिजतो आणि वाढण्याआधी हजेरीच्या कागदावर सही होते. तो कागद कोणी वाचत नाही. बारशाच्या जेवणाला फिरवला तरी आम्ही सही ठोकू. त्या दिवशी लुस दारीनेच तो फिरवला. चौसष्ट सह्या झाल्या.

दोन वर्षं भोंगा इमानाने वाजला. मग विद्यापीठाचा करार संपला आणि कंपनीची माणसं भोंगा उतरवून घेऊन गेली. सेन्सर मात्र ठेवले. लुस दारी तडक प्राध्यापकांकडे गेली. त्यांनी तोच कागद पुढे केला. सह्यांच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सेन्सरच्या सगळ्या नोंदी कंपनीच्या मालकीच्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याशिवाय कंपनी आलीच नसती," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

केसाने गळा कापला त्या माणसाने. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

नोव्हेंबरात, भर दुपारी, डोंगर खचला. खालच्या महामार्गाचा ठेकेदार आता कंपनीचं गिऱ्हाईक होता. त्याला इशारा मिळाला, रस्ता चाळीस मिनिटं आधी बंद झाला, एका गाडीला ओरखडा आला नाही. वर आम्हाला कोणी काही कळवलं नाही. ओफिरचं घर गेलं. आत तुलियो होता.

दफन झाल्यावर लुस दारी ओफिरला भेटायला गेली, मी सोबत होते.

"त्यांनी मला फसवलं हो. आईशपथ, मला काही माहीत नव्हतं," ती रडत म्हणाली.

ओफिरचा आवाज चढला नाही.

"त्यांना मी कुठे ओळखत होते, पोरी? सही मी तुझ्याकडे बघून केली."