सगळ्यात मागची सायकल

आधी उपकार सांगतो, मग गोष्ट. मी आज हातीपायी धड आहे तो किन्हीराजा गावच्या एका सायकलवाल्यामुळे. सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही तेच म्हणतो. सायकल दुरुस्त झाली की चाचा सीटवर दोन थापा मारायचे, गिऱ्हाइकाला वर बसवायचे आणि म्हणायचे, “चाल, मांगं मी हाये.” मग गिऱ्हाईक साठीचं का असेना, त्याच्या कॅरियरमागे दहा पावलं पळत जायचे. त्या गावावरून एसटीनं गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. पांढरी दाढी, ग्रीसनं काळे झालेले हात, आणि चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसामागे धावणारा एक म्हातारा.

मी मूळचा जव्हारकडचा. सातवीत शाळा सुटली. सोलरच्या प्लेटा बसवणाऱ्या टोळीबरोबर इकडे आलो. टोळी पुढच्या गावाला गेली, मी राहिलो. दुकानामागची खोली चाचांनी दिली. माझा स्वभाव घाबरट. कुलूप तीनदा ओढून पाहतो, तरी अर्ध्या वाटेवरून परत येतो. बाकीचे हसायचे. चाचा मात्र मी फाट्याकडे निघालो की दुकानातून आवाज द्यायचे, “कुलूप लागलं हाये बेटा, मी ओढून पाह्यलं.” मग माझे पाय पुढे पडायचे.

दर रविवारी सकाळी आम्ही पाच जण सायकलीवर निघायचो. सर्वांत पुढे शाळेचे मास्तर, मग मेडिकलवाला, मग पोस्टमन, मग मी, आणि माझ्यामागे चाचा. चढ लागला की आमची एक रीत होती. प्रत्येक वळणावर घंटी वाजवायची, पुढून मागे, एकेकानं, शाळेतल्या हजेरीसारखी. चाचांची घंटी शेवटची. ती कुणीही ओळखावी. दोनदा लगोलग, मग थोडं थांबून एकदा. आणि चढावर मागे वळून पाहायचं नाही, हा चाचांचा हुकूम. मान वळली की हँडल वळतं, म्हणायचे. मागचं पाहायला ते होते.

मास्तरांच्या डोक्यात पातूरकडून मेडशीचा घाट चढायचं आलं. ज्यांनी खरे डोंगर पाहिले ते हसतील, पण आमच्या मंडळींना तोच हिमालय. मला सगळे म्हणाले, तुले काय, तू तं डोंगराचा माणूस. आता आमच्या डोंगरात मी पायी चालत होतो, सायकल इकडे येऊन शिकलो, हे कितीदा सांगणार? चाचा आधी नको म्हणाले. तो घाट सोडून कुठंही चला म्हणाले. मास्तरांनी फारच धरलं तेव्हा कबूल झाले, पण चेहरा उतरलेलाच होता.

डिसेंबर होता. टेम्पोत सायकली टाकून आम्ही उजाडता उजाडता घाटाच्या पायथ्याशी उतरलो. धुवारी, म्हणजे धुकं, अशी पडली होती की समोरच्या टपरीचा दिवा दिसत होता, टपरी दिसत नव्हती. चहा घेतला. चाचांनी माझे ब्रेक दोनदा दाबून पाहिले आणि सीटवर थापा मारल्या. “चाल बेटा, मांगं मी हाये.”

पहिल्या वळणावर पाचही घंट्या वाजल्या. दुसऱ्यावरही. पुढे पुढे मास्तरांची घंटी बारीक होत गेली, मग मेडिकलवाल्याची विरली, मग पोस्टमनचीही ऐकू येईना. मी मागे पडलो होतो. समोर पांढरं, बाजूला पांढरं. हँडलवरचे माझेच हात कोपरापुढे धूसर. पण प्रत्येक वळणावर मी घंटी वाजवली की मागून उत्तर यायचं. दोनदा, मग एकदा. त्या आवाजाला धरून मी चढत होतो.

एका वळणावर दम संपला. कडेला चुन्यानं रंगवलेला मोठा दगड दिसला, दरीकडच्या अंगाला. एक पाय टेकला आणि आता दोन मिनिटं बसावं म्हणून त्याच्याकडे वळलो, तर अगदी कानाशी घंटी वाजली. दोनदा, एकदा. पाठोपाठ आवाज आला.

“बसू नको. चाल.”

आवाज ओळखीचा वाटला आणि नाहीही वाटला. चाचा मला बेटा म्हटल्याशिवाय बोलत नसत, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. मी तसाच पायडलवर उभा राहिलो आणि निघालो. थोड्या वेळानं एक ट्रक बाजूनं उतरून गेला आणि खाली त्याचा ब्रेक लांबवर किंचाळला. मी मागे पाहिलं नाही. घंटी येतच होती.

माथ्यावर तिघं वाट पाहत होते. मी म्हटलं, चाचा मागेच आहेत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घंटी नाही, चाचा नाहीत. मोबाइलला रेंज नव्हती. मी ट्रकच्या त्या आवाजाचं सांगितलं. आम्ही सायकली वळवल्या.

वाटेत तो दगड लागला. म्हणजे जागा लागली. दगड नव्हता. ओल्या रस्त्यावर टायरच्या काळ्या रेघा होत्या, ट्रक सावरून निघून गेला होता, आणि दगड खाली दरीत पडला होता.

चाचा पायथ्याच्या टपरीवर बसले होते. दुसऱ्या वळणानंतर त्यांची चेन तुटली होती. ओरडले, पण कुणाला ऐकू गेलं नाही. सायकल ढकलत खाली आले. टपरीवाला म्हणाला, “बाबा तं कधीचे इथंच बसून हायेत, कपावर कप चहा पिऊन राह्यले.”

मी घंटीचं सांगितलं. मास्तर म्हणाले, भीतीनं कान वाजतात. असेलही, मी नाही म्हणत नाही. मेडिकलवाला आणि मंडळी चहाला वळली तेव्हा चाचांनी मला हळूच विचारलं, “पांढरा दगड होता, बेटा?”

मी हो म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते आणि त्यांचा एक दोस्त सायकलीवर कापडाचे गठ्ठे बांधून याच घाटानं फेरी करायचे. अशीच धुवारी होती. चाचांचे पाय तेज, ते पुढे निघून गेले. दोस्त दमून त्या दगडावर बसला, आणि गाडी आली. तेव्हापासून चाचा कुणाच्याही पुढे गेले नाहीत.

“थे दोन अन् एक वाजवनं माहं नोय, बेटा. त्याचं हाये. मी उचललं.” चाचांनी कप खाली ठेवला. “म्हंजे माह्याबी मांगं कोनी हाये.”

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कितीतरी वर्षांनी कुणी पाठीवर हात ठेवावा, तसं काहीतरी होतं. घाबरलो होतो तो मीच.

चाचा गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच. जनाज्याला खांदा द्यायला सारं गाव पुढे झालं. मीही दिला, मग मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिलो. कब्रस्तानच्या फाटकाशी पहिल्यांदा त्यांचा हुकूम मोडून मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. तरी मी बाजूला सरकलो, एक सायकल जाईल एवढी जागा सोडली, आणि थोडं थांबून मग आत गेलो.

आता शाळेत एक नवीन बाई आल्यात, त्यांना सायकलची हौस आहे आणि ट्रकची भीती. मास्तर त्यांना रविवारी आणणार आहेत. चाचा, तुमचं देणं तुम्हाला फेडता येणार नाही, पण एक दिवस तो घाट मी पुन्हा चढेन, सगळ्यांच्या मागून, आणि माझ्यापुढचं माणूस त्या वळणावर बसणार नाही एवढं पाहीन.