अब्र्यात न बसणारा गोरा

आखातात नोकरीला होतो तेव्हा पलीकडच्या देरा भागातल्या ऑफिसला जायला रोज सकाळी मी अब्र्याने खाडी ओलांडायचो. त्या लाकडी होडीत सगळे पाठीला पाठ लावून बसायचे, तो गोरा तेवढा उभा. होडी सुटली की या टोकाहून त्या टोकाला जायचा, शर्टाच्या बाह्या गुंडाळायचा, परत सोडायचा. होडीवाला रोज ओरडायचा, "साब, बैठ जाओ, नाव डोलती है!" मला तर त्याच्याकडे बघूनच गरगरायचं.

शेवटी वैतागून मी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही बसत का नाही हो?"

तो हसला. म्हणाला, कॅनडात मी टीव्ही-सिनेमातला नट होतो, पण काम एकच मिळायचं, प्रेताचं. पोलिसांच्या मालिकांत कधी गटारात, कधी बर्फात श्वास रोखून पडून राहायचं. इथल्या जाहिरातींत निदान उभं राहायला मिळतं, म्हणून आलो.

"आता जरा स्वस्थ बसलो ना, की वाटतं, डायरेक्टर 'कट' म्हणायचं विसरून घरी निघून गेलाय."

पुढे तो दिसेनासा झाला. एका शुक्रवारी दुपारी आम्ही रूमवाले जेवत होतो. टीव्हीवर कुठलीशी इंग्रजी मालिका चालू होती. बर्फात एक प्रेत पडलं होतं. तोच! इतकं निश्चल मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

चॅनल बदलायला रूममेटने रिमोट उचलला.

"थांब रे," मी ओरडलो, "आधी उठू दे त्याला!"